मामाची गोळी आणि ओहायोचं काउंटर

चवथीला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. माटोळी बांधून झालेली असते, नेवऱ्यांचं ताट फिरत असतं आणि ओसरीवरचे कुणीतरी काका विचारतात, "काय गे, तुमच्या अमेरिकेत माणसं गोळ्या खाऊन मरतात म्हणे? एवढे शिकलेले लोक ड्रग्ज कशाला घेतात?"

विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही गोव्यातल्या डिचोलीतच वाढले. ड्रग्ज म्हणजे हणजूण आणि वागातोर. रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, अमली पदार्थ विरोधी विभागाची धाड आणि सकाळच्या पेपरात दोन पोलिसांच्या मधे तोंड झाकून उभा केलेला कुणी परका माणूस. साखळी, डिचोली, वाळपईच्या माणसाला त्या बातमीशी काही देणंघेणं नसतं. ती किनाऱ्यावरची भानगड.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हे संकट किनाऱ्यावरून आलं नाही. ते डॉक्टरच्या सहीने आलं, विम्याच्या पैशाने आलं आणि मी ज्या काउंटरमागे उभी असते तसल्याच काउंटरवरून नारिंगी बाटल्यांत भरून घरोघर गेलं.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी दक्षिण ओहायोत एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन आहे. बी.फार्म. पणजीला झालं, पण २००३ नंतरच्या पदवीधराला इथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपला चार वर्षांचा. त्यामुळे फार्मसिस्टच्या परीक्षेच्या दारातही उभं करत नाहीत. असो, ते दुखणं वेगळं. तर मी गोळ्या मोजते.

दुकानात एक वेगळी तिजोरी आहे. ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मॉर्फिन, फेंटॅनिलचे पॅच, म्हणजे ज्यांना ओपिऑइड म्हणतात ती अफूच्या कुळातली वेदनाशामकं तिच्यात. फार्मसिस्टने आकडे दाबले तरी ती लगेच उघडत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं, आणि तशी पाटी दर्शनी भागात लावलेली आहे. ती गिऱ्हाइकासाठी नाही, दरोडेखोरासाठी आहे. पिस्तूल घेऊन आलेल्या माणसाला थांबायला सवड नसते, हा त्यामागचा हिशेब. गोळ्या ट्रेवर ओतायच्या, पट्टीने पाच-पाच सरकवत मोजायच्या, मग फार्मसिस्टने पुन्हा मोजायच्या, मोठ्या बाटलीत किती उरल्या तेही मोजून नोंदवायचं. एक गोळी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. म्हापशाच्या बाजारात कात्रीने पट्टी कापून "दोनच दे रे" म्हणणारी गिऱ्हाइकं बघत मोठी झालेली मी, सुरुवातीला मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं.

पण हे शहाणपण माणसं गमावून आलेलं आहे. १९९९ ते २०२२ या काळात अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने सात लाखांहून जास्त माणसं गेली. म्हणजे जवळजवळ अर्धा गोवा.

सुरुवात कुठून झाली याची गोष्ट विचित्र आहे. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. बोस्टनच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की रुग्णालयात असताना ही औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये व्यसनाच्या नोंदी फक्त चार सापडल्या. रुग्णालयात, नर्सच्या हातून, थोडे दिवस. पत्र एवढंच होतं. पुढे लोकांनी त्याचा आधार घेऊन सांगितलं की दुखण्यासाठी या गोळ्या घेणाऱ्याला व्यसन लागतच नाही, घरी महिनोन्‌महिने घेतल्या तरी. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणली आणि तिचे प्रतिनिधी गावोगावच्या डॉक्टरांना हेच ऐकवत फिरले. कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. ऑक्सिकॉन्टिन आली त्याच सुमारास इथे अशीही मोहीम होती की नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला दुखणंही प्रत्येक रुग्णाला विचारून नोंदवायचं. हेतू चांगला. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की गोळी लिहावी लागते. २०१२ मध्ये देशभरात २५ कोटींहून जास्त ओपिऑइड चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. दर शंभर माणसांमागे ८१.

आमच्या भागातलं पोर्ट्समथ हे गाव या सगळ्याचं केंद्र म्हणायला हवं. ओहायो नदीच्या काठचं, एके काळी बुटांचे आणि पोलादाचे कारखाने असलेलं. कारखाने गेले, पाठी आणि गुडघे मोडलेले कामगार राहिले. मग 'पेन क्लिनिक' नावाची दुकानं निघाली. रोख पैसे द्यायचे, दोन मिनिटांत चिठ्ठी घ्यायची. गाव ज्या सायोटो कौंटीत येतं तिथे २०१० मध्ये सुमारे ८० हजार माणसांना ९७ लाख गोळ्या गेल्या. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात कर्मिट नावाचं चारशे वस्तीचं गाव आहे, तिथल्या एकाच फार्मसीत दोन वर्षांत ९० लाख हायड्रोकोडोन गोळ्या आल्या. चार्ल्स्टनच्या एका वार्ताहराने हे आकडे खणून काढले, त्याला २०१७ चं पुलित्झर मिळालं. पण मला कायम प्रश्न पडतो तो त्या फार्मसीतल्या टेक्निशियनचा. मोजत कोण होतं त्या? पाच-पाच करून?

आता काकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग, गुन्ह्यांचा. लोकांना वाटतं, नशा चढते, माणूस बेभान होतो आणि कुणाला तरी मारतो. असं होत नाही. या गोळ्यांनी माणूस उलट शांत होतो, पेंगतो. गुन्हा घडवते ती गोळी नव्हे, गोळी न मिळणं. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीराला ती लागायला लागते. थांबवली की घाम, जुलाब, उलट्या, हाडांत कळा, रात्ररात्र झोप नाही. त्या अवस्थेतल्या माणसाला मजा नको असते, फक्त हे थांबायला हवं असतं. त्यासाठी तो आधी आजीच्या बाथरूममधलं कपाट उघडतो. मग तिचे दागिने. मग चिठ्ठीवरचा ३ चा ८ करतो, तीन डॉक्टरांकडे तेच दुखणं घेऊन जातो. मग ओसाड घरांतल्या तांब्याच्या नळ्या उपसून भंगारात विकतो. मग स्वतःच्या बाटलीतल्या निम्म्या गोळ्या विकून उरलेल्यांचे पैसे काढतो. पोर्ट्समथमध्ये गोळ्या पैशासारख्या चालायच्या.

पिस्तुलापर्यंतही प्रकरण गेलं. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मेडफर्ड गावी एक माणूस फार्मसीत शिरला, आतल्या चौघांना गोळ्या घातल्या आणि हायड्रोकोडोनने पाठीवरची पिशवी भरून निघून गेला. त्या चौघांत दुकानात काम करणारी सतरा वर्षांची मुलगीही होती. आमच्या तिजोरीची ती पाटी अशा घटनांतून आली आहे.

आणि सर्वांत मोठे गुन्हेगार? त्यांच्याकडे पदव्या होत्या. शिकागोहून येऊन पोर्ट्समथला क्लिनिक चालवणाऱ्या एका डॉक्टरला २०१२ मध्ये चार जन्मठेपा झाल्या.

यापुढचा भाग इथल्या लोकांनाही नीट पचलेला नाही. २०१० मध्ये कंपनीने ऑक्सिकॉन्टिनची गोळी बदलली, ती नशेसाठी सहज चुरडता येईना. २०११ मध्ये ओहायोने कायदा करून पेन क्लिनिकांवर परवान्याची सक्ती आणली, पोर्ट्समथची दुकानं बंद झाली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण नळ बंद केला म्हणून तहान जात नाही. ज्यांना सवय लागली होती ती माणसं तिथेच होती, आणि त्यांच्यासाठी उपचाराची सोय मात्र जवळजवळ नव्हती. हेरॉइन विकणाऱ्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. ज्या राज्यांत ऑक्सिकॉन्टिनचा गैरवापर आधी जास्त होता, तिथेच गोळी बदलल्यावर हेरॉइनचे बळी जास्त वाढले, हे अर्थशास्त्रज्ञांनी आकड्यांनिशी दाखवलं आहे. त्यानंतर आलं बेकायदा बनवलेलं फेंटॅनिल. मॉर्फिनपेक्षा शंभर पटीने तेज, मिठाच्या चिमटीएवढ्यात माणूस जातो. २०२२ मध्ये अतिमात्रेने गेलेल्या एक लाखाहून जास्त माणसांत बहुतेकांच्या रक्तात तेच होतं. डॉक्टरच्या चिठ्ठ्या तोवर निम्म्यावर आल्या होत्या.

म्हणून कुणी "गोळ्या कमी करा, प्रश्न सुटेल" म्हणालं की मी गप्प बसत नाही. गोळ्या कशाही वाटल्या की व्यसन वाढतं, हे खरं. पण वाटून झाल्यावर एका रात्रीत हात आखडला की व्यसनी माणूस डॉक्टरच्या खुर्चीवरून उठून विक्रेत्याच्या गाडीत जाऊन बसतो. कमी करणं आधी करायचं असतं.

आणि आधी करणं किती स्वस्तात जमतं, तेही ऐका. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पाच राज्यांत एक जुनाट नियम होता. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, इलिनॉय, आयडाहो. तिथे अशी औषधं लिहायची तर डॉक्टरला सरकारी छापील कागद वापरावा लागे, तीन प्रतींत. एक स्वतःकडे, एक फार्मसीत, एक सरकारकडे. बस्स. बंदी नाही, धाड नाही. पण तिसरी प्रत कुणीतरी वाचणार या जाणिवेने डॉक्टरचा हात जरा थबकायचा. ऑक्सिकॉन्टिनवाल्या कंपनीने आपल्या पाहणीत हे हेरलं आणि या राज्यांत जाहिरातीवर फारसा जोर लावला नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं या राज्यांत अतिमात्रेचे मृत्यू इतरांपेक्षा कमी वेगाने वाढले, तो नियम २००४ पर्यंत सगळीकडून निघून गेल्यानंतरसुद्धा. मेडफर्ड न्यूयॉर्कमध्येच आहे, तेव्हा ही राज्यं सोवळी राहिली असं नाही. पण एका कार्बन कागदाने जे केलं ते नंतर अब्जावधी डॉलरच्या नुकसानभरपाया करू शकल्या नाहीत.

आता आमच्याकडे ओआर्स नावाची यंत्रणा आहे, २००६ पासून. राज्यातल्या कुठल्याही दुकानातून नियंत्रित औषध गेलं की ते एकाच जागी नोंदवलं जातं आणि आमच्या पडद्यावर दिसतं. माणूस काल सिनसिनाटीत गोळ्या घेऊन आज आमच्याकडे आला तर लगेच कळतं. २०१७ पासून तात्पुरत्या दुखण्याला, काही अपवाद सोडले तर, प्रौढांना सात दिवसांच्या आणि मुलांना पाच दिवसांच्या वर गोळ्या लिहिता येत नाहीत. एक त्रिकूट तर आम्हाला पाठ झालेलं आहे: ओपिऑइड, घबराटीवरचं अल्प्राझोलाम आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडोल. तिन्ही एकाच चिठ्ठीवर दिसली की फार्मसिस्ट फोन उचलतो.

दुसरी बाजूही त्याच काउंटरवर आहे. २०२३ पासून नॅलोक्झोनचा नाकात मारायचा फवारा इथे चिठ्ठीशिवाय मिळतो. श्वास थांबत आलेल्या माणसाला तो दोन-तीन मिनिटांत परत आणतो. एकदा एक आजीबाई आल्या. नीट विंचरलेले पांढरे केस, हातात वाढदिवसाचं शुभेच्छापत्र, दुधाचा कॅन आणि फवाऱ्याचं खोकं. मी बिल करत असताना त्यांनी खोक्यावरची तारीख चष्मा वर करून नीट वाचली, आपण दह्याची तारीख वाचतो तशी, आणि मागचं जास्त दिवस टिकणारं खोकं मिळेल का विचारलं. ना लाज, ना रडणं. घरात अग्निशामक ठेवतात तसं त्या ते ठेवणार होत्या. २०२४ मध्ये देशातले अतिमात्रेचे मृत्यू चौथ्या हिश्शाने खाली आले, सुमारे ८० हजारांवर. त्यात अशा आजीबाईंचा वाटा आहे आणि ब्युप्रेनॉर्फिनचाही. व्यसनावरचं हे औषध लिहायला डॉक्टरला पूर्वी खास परवाना लागे. ती अट २०२२ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने काढली. विष लिहायला खास परवाना नको आणि उताऱ्याला हवा, असा उलटा कारभार इतकी वर्षं चालला होता.

आता डिचोलीकडे येते.

यंदा आले तर मामाच्या उशाशी एक पट्टी दिसली. गुडघ्याचं ऑपरेशन पणजीला एका खासगी रुग्णालयात झालेलं, त्याला आता बरेच महिने उलटले. पट्टी हातात घेऊन पाहिली: ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल, कोपऱ्यात लाल आरएक्स, लाल चौकटीत इशारा. डॉक्टरांनी दहा दिवस लिहिली होती. मामा रोज घेत होते. "न घेतली तर अंग मोडून येतं, घाम फुटतो, गुडघा अजून बरा झाला नाही बघ," म्हणाले. गुडघ्याने घाम फुटत नाही, हे मी त्यांना कसं सांगावं? हळूच म्हटलं, "मामा, ही सवयीची गोळी आहे." तर भडकले. "सवय? मी काय दारू पितो? आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही मी!"

पोर्ट्समथच्या कारखान्यातल्या कामगाराने, शाळेच्या बस ड्रायव्हरने, चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईने अगदी हेच म्हटलं असणार.

फार्मसीवाला ओळखीचा, माझ्या भावाच्या वर्गातला. विचारलं, रे, कागदाशिवाय कशी देतोस? तो म्हणाला, "गे ताई, तुझे मामा देवस्थानच्या कमिटीवर. त्यांच्याकडे कागद मागू? उद्या समोरच्या दुकानात जातील." काउंटरखालून त्याने वही काढून दाखवली. १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या औषधांसाठी ती ठेवावीच लागते: रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं जपायची. ट्रामाडोल त्या यादीत आहे, शिवाय २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आहे. वही नीटनेटकी होती. मामांचं नाव तिच्यात एकदाच होतं.

कायदा वाईट नाही आपला. पण वही दुकानातच राहते. समोरच्या दुकानाची वही वेगळी, साखळीच्या दुकानाची वेगळी, आणि एक वही दुसरीशी कधी बोलत नाही. मामा तिन्हीकडून घेऊ शकतात. पंधरा लाखांच्या गोव्यात, जिथे वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत, सगळ्या फार्मस्या एका यादीत जोडणं ओहायोच्या मानाने किती सोपं! फार्मसीवाल्यालाही ते हवंच आहे. "पडद्यावर नको म्हणून आलं की मी सुटलो," तो म्हणाला, "मग कमिटीवर असो की आमदार असो."

आणि "आपल्याकडे तसं नसतं" हे ओसरीवरचं ठाम मत: २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आणि दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीत देशातली सुमारे २ टक्के माणसं ओपिऑइड घेताना आढळली, आणि औषधी गोळ्या-सिरपं घेणाऱ्यांचं प्रमाण जवळपास हेरॉइन घेणाऱ्यांइतकंच होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेन्टाडोल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडोल एकत्र केलेल्या गोळ्यांच्या निर्यातीची परवानगी केंद्राला मागे घ्यावी लागली, कारण भारतात बनलेल्या त्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतली पोरं नशेसाठी खात होती. कॅरिसोप्रोडोल, आमच्या त्रिकुटातलंच. त्या देशांच्या दृष्टीने पर्ड्यूच्या जागी आपण आहोत.

मामांना मी गोळी बंद करायला सांगितलं नाही. ज्यांना कुणाला घरात असं आढळेल त्यांनीही तसं करू नये, एकदम थांबवल्याने फार हाल होतात आणि कधी फिटही येते. त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची ठरली, पट्टी मामीच्या ताब्यात गेली. मामा माझ्याशी सध्या जेमतेम बोलतात. हे जमलं नाही तर बांबोळीला मानसोपचार संस्थेत जायचं, असं डॉक्टर म्हणाले, त्यावर मामांनी जो आवाज काढला तो शेजारच्या वाड्यावर ऐकू गेला असेल.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बंदच करा ही औषधं. तेही आपण करून पाहिलंय. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर कागदपत्रं आणि तुरुंगाची भीती इतकी वाढली की पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकत होती, आणि आपल्याच कर्करोगाच्या रुग्णांना शेवटचे महिने ओरडत काढावे लागत होते. केरळातल्या डॉक्टर राजगोपाल यांच्यासारख्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. तरीही अनेक डॉक्टर आजही मॉर्फिनचं नाव काढायला बिचकतात. तेव्हा घरात कर्करोगाचं माणूस कळवळत असेल तर त्याला "व्यसन लागेल" म्हणून पॅरासिटामॉलवर ठेवू नका. डॉक्टरला मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचारा, जवळची मान्यताप्राप्त संस्था कुठली तेही विचारा, आणि नाही म्हणाले तर कारण लिहून मागा.